आक्कापेक्षा बेटर

१४ जानेवारी

टीचरने सांगितलंय, रोज चार ओळी डायरी लिहा, इंग्रजीत. मी मराठीत लिहितेय. इंग्रजीत मला अजून फक्त हवामान आणि घरातल्या माणसांची नावं सांगता येतात, आणि मला जे सांगायचंय ते या दोन्हींत बसत नाही.

तर आमच्या आक्का इंग्रजी शिकायला निघाल्या आहेत. आक्का म्हणजे राजमती, माझी थोरली जाऊ. साठी उलटलेली, नवरा जाऊन काही वर्षं झाली. आमच्या भांड्यांच्या दुकानात बसून सबंध निपाणीला दरडावणारी बाई. तिची मुलगी श्रद्धा डब्लिनला असते, ती जूनमध्ये बाळंत होणार. आई म्हणून आक्का जाणार. योग्यच आहे. मला कुणी विचारलं नाही आणि विचारा असं मीही म्हटलं नाही. श्रद्धाला न्हाऊ कोण घालत होतं, वेण्या कोण घालत होतं, गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं, या गोष्टी आता जुन्या झाल्या. आक्का तेव्हा दुकानात होती. दुकान चाललं आणि पोरगी वाढली. दोन्ही आपोआप झालं असं लोकांना वाटतं.

पंधरा दिवसांपूर्वी जेवताना आक्का म्हणाली, "मी इंग्लिशच्या क्लासला नाव घातलंय. तुला काय ते जमायचं न्हाय अनु. तू घरीच बस."

घरी बस म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं कुलूप उघडायच्या आधी मी जाऊन नाव घालून आले. परत येऊन सांगितलं तेव्हा आक्का नुसती "बरं" म्हणाली आणि तोंड फिरवून डबे लावायला लागली. जळली असणार.

२० जानेवारी

क्लास महिला मंडळाच्या हॉलमध्ये भरतो. टीचरचं नाव ऋतिका. मूळची बेळगुंदीची, लग्न करून निपाणीत आली. वयाने आमच्या श्रद्धाएवढी, पण उभी अशी राहते की आम्ही सगळ्या तिच्या सुना. शेजारच्या बाकावर जयाबाई. त्या कन्नड शाळेतून निवृत्त झाल्यात. आयुष्यभर शिकवल्यामुळे त्यांना आता दुसऱ्या कुणी शिकवलेलं सहन होत नाही.

आक्का पहिल्या बाकावर बसते आणि सगळ्यात कमी बोलते. दुकानात हिचा आवाज बसस्टँडपर्यंत जातो. इथं "माय नेम इज" म्हणताना घसा खाकरते. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२९ जानेवारी

आज तुलना. हा धडा मला अगदी आपला वाटला.

टीचर म्हणाली, "काकू, शब्द लहान असला की त्याला मागं एर लावायचं. टॉल, टॉलर. शब्द लांबलचक असला की शेपूट लावायचं न्हाय, पुढं मोअर ठेवायचं. मोअर ब्यूटिफुल. दोन्ही एकदम कधी न्हाय. मोअर टॉलर म्हटलं की मार्क गेले."

जयाबाई लगेच म्हणाल्या, "कन्नडात किंत म्हणतात. एकच शब्द, सगळ्याला चालतो. एवढा पसारा कशाला?"

मी जरा विचार केला. मराठीतही उंच तो उंचच राहतो. त्याच्या अंगाला काही लागत नाही. पेक्षा लागतं ते दुसऱ्याला. "आक्कापेक्षा मी उंच आहे." म्हणजे मराठीत आधी आक्का येते, तिच्या मागून मी. इंग्रजीत "आय ॲम टॉलर दॅन आक्का." मी आधी, आक्का शेवटी. भाषा चांगली आहे. उगाच जगभर पसरली नाही.

घरी करायला पाच वाक्यं दिलीत. मी लिहिलं: आय ॲम यंगर दॅन राजमती. आय ॲम थिनर दॅन राजमती. माय आमटी इज टेस्टियर दॅन राजमतीज आमटी. उरलेली दोन इथं लिहीत नाही, पण बिनचूक आहेत.

आक्काचं पाहिलं तर: "कॉपर इज मोअर हेवी दॅन स्टील." घरात एवढी माणसं असताना हिला भांडीच आठवली. मी सांगितलं, "मोअर हेवी न्हाय आक्का, हेवियर." तिने मुकाट्याने खोडलं. मग माझी वाक्यं वाचली आणि म्हणाली, "अक्षर छान आहे तुझं."

९ फेब्रुवारी

आमच्या दुकानावर गेली कित्येक वर्षं इंग्रजीत पाटी आहे, "मोस्ट चीपेस्ट". मी रोज तिच्याखालून जात होते. आज एकदम दिसली. चीपला एस्ट लावल्यावर पुढं मोस्ट कशाला? माझ्या नवऱ्याला, म्हणजे श्रेयांसला, म्हटलं, हे पुसा. ते म्हणाले, "गिऱ्हाईक वाचून हसत हसत आत येतंय. बरोबर लिहिलं तर कोण थांबणार?"

आक्का म्हणाली, "ती म्हणते ते बरोबर आहे. पुसून टाका." माझ्या बाजूने! मला संशय आला, पण कशाचा ते कळेना.

पेंटरने मोस्ट पुसलं. त्या जागी आता एक पांढरा चौकोन दिसतो. ज्या दोन गिऱ्हाइकांनी पूर्वी कधी पाटीकडे पाहिलं नव्हतं, त्यांनीही आज विचारलं, इथं काय होतं?

२१ फेब्रुवारी

बेळगावला जाऊन आलो. आक्काला पासपोर्ट काढायचा होता. म्हणाली, "कंपनीला तुझाबी काढू. एकटीने रांगेत उभं राहायला कंटाळा येतो." मी म्हटलं, मला काय अंतराळात जायचंय? पण रांगेत नुसतं उभं राहण्यापेक्षा फोटो काढलेला बरा. फोटोत मी दरोडा घालून आल्यासारखी दिसते. आक्काचा माझ्यापेक्षा वाईट आलाय. वर्स. बॅडर नाही. हे मी तिला फाटकातच सांगितलं.

मग बेळगावातच शहापुरात साडी घेतली, श्रद्धाला. दुकानदाराने गठ्ठे उलगडले. आक्का प्रत्येक साडीला माझ्याकडे बघायची. मी डाळिंबीवर बोट ठेवलं, तिने डाळिंबी घेतली. तिला स्वतःची आवड अशी नाहीच.

पुढं स्वेटर घेतला, तिकडं थंडी असते म्हणून. तो तिच्या दंडाला अडकला. मी म्हटलं, मोठा मागा. "न्हाय," म्हणाली, "रंग चांगलाय. तू घालून बघ." मला बरोबर बसला. तोच घेतला! जायचं हिने आणि स्वेटर माझ्या मापाचा. एवढी वर्षं ही बाई धंदा कशी करते हे कोडंच आहे.

१८ मार्च

सुपरलेटिव. टॉलेस्ट, मोस्ट ब्यूटिफुल, आणि पुढं "द" हवाच. टीचर म्हणाली, दोघांत तुलना असेल तर एर, तिघांपासून पुढं एस्ट. आमच्या घरात जावा दोनच. म्हणजे मला बेस्ट व्हायचं असेल तर आणखी एक जाऊ आणावी लागेल. नको. आहे ती पुरे.

श्रद्धाचा व्हिडिओ कॉल आला. पोट चांगलंच दिसायला लागलंय. म्हणाली, तिकडं जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. आक्का सूर्यास्तानंतर काही खात नाही. मी म्हटलं, "आक्का, तुमची चैन आहे. दहापर्यंत जेवा." आक्का हसली नाही. श्रद्धाही काहीतरी बोलता बोलता थांबली. पूर्वी माझ्या विनोदांना बरे दिवस होते.

टीचरकडून व्हिसाचे कागद दोघींचे भरून घेतले. माझे कशाला, असं विचारल्यावर आक्का म्हणाली, "ऐनवेळी मला काय झालं तर?" हिला काय होतंय. लोखंडाची आहे. पण सही करून दिली. काहीच नसण्यापेक्षा निदान कागदावर तरी माझं नाव लागलं. नात्याच्या रकान्यात टीचरने "आंट" लिहिलं. एवढासा शब्द. त्याला एर लागत नाही, मोअर लागत नाही, काहीच लागत नाही.

२ एप्रिल

आज तोंडी परीक्षा. प्रत्येकीने उभं राहून घरातल्या माणसाबद्दल तुलनेचं एक वाक्य म्हणायचं.

मी म्हटलं, "आय ॲम मोअर पंक्च्युअल दॅन माय सिस्टर-इन-लॉ." बिनचूक. टाळ्या. जयाबाई म्हणाल्या, "माय हजबंड इज ओल्डर दॅन मी, बट माय व्हॉइस इज लाउडर." त्यांनाही टाळ्या.

मग आक्का. कंपनीच्या एजंटला दुकानातून घालवून देणारी ही बाई, बाकाची कड धरून उभी राहिली. मग म्हणाली, "अनुराधा इज मोअर गुड मदर दॅन मी."

मोअर गुड! एवढा क्लास करून! मी बसल्या जागेवरून ओरडले, "आक्का, मोअर गुड न्हाय! गुड, बेटर, बेस्ट! परत म्हणा."

"अनुराधा इज बेटर मदर दॅन मी."

"अ राहिला. अ बेटर मदर."

आक्काने माझ्याकडे बघितलं. "अनुराधा इज अ बेटर मदर दॅन मी."

"आत्ता बरोबर," मी म्हटलं.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. टीचर कोरा फळा पुसत राहिली. जयाबाईंनी चष्मा काढला. दुसरीने चूक सुधारली की बायकांना बघवत नाही, हे माझं जुनं मत आहे.

येताना आक्काने विचारलं, "उसाचा रस घेतीस?" मी नको म्हटलं. थोडं चालल्यावर म्हणाली, "मला परत परत म्हणायला लावलंस."

"पाठ व्हायला नको का?" मी म्हटलं.

"व्हय," म्हणाली. "पाठच हाय."

४ एप्रिल

भाकरी करपली. ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी ते पुन्हा तपासलं. बेटर बरोबर, अ बरोबर, दॅन बरोबर. व्याकरणात खोट नाही. पण मला मूलच नाही, तर मी मदर कशी? म्हणजे वाक्य मुळातच चुकीचं आहे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

सांगितलं नाही. का ते माहीत नाही.

५ एप्रिल

काही नाही. भाकरी ठीक झाली.

१५ एप्रिल

काल आक्काचा गुडघा गेला. परवाच ही बाई स्तवनिधीला दर्शनाला डोंगर चढून आली, उतरताना माझी पिशवीही तिनेच घेतली होती, आणि काल सकाळी खुर्चीतून उठता उठता "आई गं" म्हणून बसली. श्रेयांस धावले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको. तेल लावू म्हटलं तर नको. कुठं दुखतंय विचारलं तर उजवा दाखवला. दुपारी डाव्यावर हात ठेवून कण्हत होती.

संध्याकाळी मला बोलावून म्हणाली, "माझं काय खरं न्हाय अनु. इतका लांबचा प्रवास मला झेपायचा न्हाय. व्हिसा तुझाबी आलाय. तू जा."

"मी?"

"दुसरं कोण हाय?"

म्हणजे दुसरं कुणी नाही म्हणून मी. पहिल्यापासून हेच. दुकानात जायचं होतं तेव्हा पोरगी माझ्याकडे, आता गुडघा दुखतोय तेव्हा विमान माझ्याकडे. मी म्हटलं, "बघू." आणि मागच्या दारी जाऊन उगाचच वाळलेले कपडे पुन्हा झटकले.

१९ एप्रिल

आक्का दुकानात गेली होती, लंगडत. बघायला कुणी असलं की लंगडते. श्रद्धाचा फोन आला.

"काकू, आईचा गुडघा कसा आहे?"

"कुठला?" मी विचारलं.

ती हसली. मग म्हणाली, "तुला सांगू नको म्हणून आईने शपथ घातलीय. तिने दिवाळीतच ठरवलं होतं. अनुला पाठवायचं. सरळ म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी कोण? म्हणून तिने आधी स्वतःचं नाव क्लासला घातलं. मला म्हणाली, मी गेले की ती आलीच समज."

मी म्हणजे काय बैल आहे, पुढं पेंढी धरली की चालणारा? पासपोर्ट, स्वेटर, डाळिंबी साडी. मला वाटत होतं मी पुढं आहे. मी पुढं होते, पण मागून हाकणारी ती होती.

"तिला यायचं नाही का?" शेवटी विचारलं.

"यायचंय गं. रोज विचारते, बाळ हलतं का. पण म्हणते, तुझं लहानपण अनुने काढलं, मी हिशेबात राहिले. आता बाळाला पहिलं तिनेच घ्यायचं."

"आणि तुला कोण हवंय? खरं सांग. एकीचं नाव घे."

ती म्हणाली, "काकू, मला भूक लागली की तू आठवतेस. भीती वाटली की आई आठवते. आता दोन्ही आहे." मग म्हणाली, "पण खोली एकच आहे गं जास्तीची. पलंगही एकच."

मी म्हटलं, "तुझी आई घोरते." आणि फोन ठेवला.

२० एप्रिल

आज सबंध दिवस मी आक्काशी बोलले नाही. तिने दोनदा विचारलं, काय झालं? मी "नथिंग" म्हटलं. क्लासचा एवढा उपयोग झाला.

राग कसला आला ते नीट लिहायचं म्हणून बसलेय. तिने मला फसवलं याचा आला, हे झालंच. पण तिने एवढं सगळं केलं आणि मी तिच्या आमटीवर वाक्यं लिहीत बसले, याचा जास्त आला. मोअर अँग्री की अँग्रियर? विचारायला पाहिजे. टीचरला विचारायला तोंड नाही. त्या दिवशी ती फळा का पुसत होती ते आता कळलं. हॉलमधल्या सगळ्यांना कळलं होतं. मला सोडून.

हे आक्काला सांगणार नाही. गुडघा दुखतोय म्हणाली ना? मग दुखू दे.

२४ एप्रिल

आज जेवताना मी जाहीर केलं, "आक्का, दोघींची तिकिटं काढलीत. श्रद्धाशी बोलून झालंय."

आक्काचा घास हातातच राहिला. "माझा गुडघा गं..."

"त्याचीच तर व्यवस्था केलीय. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते. आधी कळवायचं, मग त्यांची माणसं दारापासून विमानापर्यंत ढकलत नेतात. तुमच्या नावाने कळवलंय."

"खुर्ची?" आक्का किंचाळली. "मी काय म्हातारी हाय?"

"म्हातारी नाही. गुडघा नाही का गेलाय तुमचा? का आला परत?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी आमटीत तूप घालत होते. तिला कळलं, मला कळलंय. पण ती बोलली नाही आणि मीही नाही. बोललं असतं तर तिला गुडघ्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि मला बाकीचं सगळं.

श्रेयांस म्हणाले, "दोघी गेल्यावर दुकान कोण बघणार?"

"तुम्ही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

१० मे

क्लास संपला. टीचर म्हणाली, "अनुराधाकाकू इज द मोस्ट इम्प्रूव्ह्ड." जयाबाईंनी विचारलं, "आणि बेस्ट कोण?" टीचर हसली. म्हणाली, "काकू, ते माझ्या परीक्षेत न्हाय."

मी आक्काला भाकरी करायला लावते आणि "आता उभं राहू नका, गुडघा" म्हणून मध्येच बसवते. तिला बसवत नाही. दिवसातून चारदा लंगडायची आठवण करून द्यावी लागते. डिंकाचे लाडू तिने बांधले, मेथीचे मी. कुठले चांगले झाले यावर श्रेयांसना विचारलं तर ते दुकानात निघून गेले.

२८ मे, बेंगळुरू विमानतळ

पुढच्या विमानाला वेळ आहे, म्हणून लिहितेय.

सकाळी सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, पोचलो. श्रेयांसनी बॅगा उतरवल्या. दारातच खुर्ची आली, ढकलायला एक बाई. आक्का तिच्यात अशी बसली की जणू तिला पोलीस घेऊन चाललेत. इरकली साडी, डोक्यावर पदर, मांडीवर लाडवांचा डबा, नजर सरळ. बाईने कन्नडमध्ये विचारलं, आई, पाय फार दुखतात का? आक्काने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भाळ," म्हणजे फार. मग मराठीत पुढं, "झोप नसते बिचारीला." आक्काने पदराआडून मला चिमटा काढला. चांगला जोरात. वळ आलाय.

इथं बेंगळुरूला उतरल्यावर खरी मजा. हे विमानतळ म्हणजे निपाणीपेक्षा मोठं. बिगर. शिवाय निपाणीपेक्षा महाग. मोअर एक्स्पेन्सिव. खुर्ची पुढं, मी मागं, खांद्याला दोन पिशव्या. आक्का थाटात चाललेली, लोक वाट देतायत, तपासणीच्या रांगेत तिला सगळ्यांच्या पुढं नेलं. मी घामाघूम. चालून चालून माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मनात म्हटलं, शिक्षा नक्की कुणाला झाली?

फाटकाजवळ आलो तेव्हा बसायला एकही जागा रिकामी नव्हती. मी भिंतीला टेकले आणि एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहिले. आक्का वळून बघत होती. तिने डबा बाजूला ठेवला, पदर खोचला आणि ताडकन उठली. अगदी ताडकन, दुकानात गिऱ्हाईक आल्यावर उठते तशी. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "दमलीस तू. बस गं हितं."

खुर्ची ढकलणारा माणूस बघत राहिला. समोरच्या रांगेतल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

मी दात आवळून म्हटलं, "आक्का, बसा खाली. तुमचा गुडघा दुखतोय."

"अगं बाई," आक्का म्हणाली, "इसरलेच की."

आणि तिने मलाच खुर्चीत बसवलं.